अमेरिकेतल्या राज्यांचे झेंडे कसे ओळखायचे, आणि त्यातला कॉन्फेडरेट नेमका कोणता?

अटलांटावासी

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका फोटोवरून वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतो. उत्तर जॉर्जियात डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका घरासमोर तीन झेंडे आहेत.

पहिला: लाल-पांढरा-लाल आडवे पट्टे, काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात निळा चौकोन, त्यात पांढऱ्या ताऱ्यांचं कडं आणि मधोमध सोनेरी कमान. दुसरा: लाल कापडावर निळी फुली, फुलीवर पांढरे तारे. तिसरा: पांढऱ्या कापडावर नुसती लाल फुली.

एक जण म्हणतो तिन्ही कॉन्फेडरेट, म्हणजे १८६१-६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेतून फुटून वेगळं सरकार काढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे. दुसरा म्हणतो फक्त मधला, कारण पहिला तर राज्याचा अधिकृत झेंडा आहे, शाळेसमोर रोज फडकतो. तिसरा झेंडा इंग्लंडचा आहे असंही कोणीतरी ठोकून दिलं. इथे नवीन आलेली मुलं भाड्याचं घर बघताना असल्या खुणांवरून शेजाराचा अंदाज बांधतात, त्यामुळे नीट उत्तर हवंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ध्वजवेडा

चांगला धागा. तिन्हींची नावं आधी सांगतो. पहिला जॉर्जिया राज्याचा सध्याचा, २००३ पासूनचा. दुसरा कॉन्फेडरेट सैन्याचा रणध्वज. तिसरा अलाबामाचा. इंग्लंडच्या झेंड्यावरचा लाल क्रॉस सरळ उभा-आडवा असतो, फुलीसारखा तिरपा नसतो.

पण खरी गोम पुढेच आहे. जगभर ज्याला कॉन्फेडरेट झेंडा म्हणून ओळखतात तो मधला झेंडा त्या सरकारचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. आणि जो पहिला राष्ट्रध्वज होता, त्याचंच रूप थोड्या फरकाने तुमच्या शाळेसमोर फडकतंय. तुमच्या ग्रुपवरचे पहिले दोघेही अर्धे बरोबर आहेत.

थोडा इतिहास सांगावाच लागेल. ४ मार्च १८६१ ला अलाबामातल्या माँटगोमरीत कॉन्फेडरेट सरकारने पहिला राष्ट्रध्वज चढवला. लाल, पांढरा, लाल असे तीन रुंद पट्टे, निळा कोपरा, त्यात गोलात सात तारे. राज्यं फुटत गेली तसे तारे वाढून तेरा झाले. प्रत्यक्षात फुटली अकराच, पण केंटकी आणि मिसुरी या दोन राज्यांवरही दावा असल्यामुळे तेरा. यालाच 'स्टार्स अँड बार्स' म्हणतात. हे नाव आज सर्रास फुलीवाल्या झेंड्याला चिकटवलं जातं, वर्तमानपत्रांतसुद्धा.

हा झेंडा मुद्दामच अमेरिकेच्या झेंड्याशी नातं सांगणारा होता, आणि तेच अंगाशी आलं. २१ जुलै १८६१ ला व्हर्जिनियात मॅनॅससची लढाई झाली (उत्तरेकडचे तिला बुल रन म्हणतात). जुलैचा उकाडा, धूळ, धूर आणि वारा पडलेला. काठीला लोंबणाऱ्या झेंड्याचा लाल-पांढरा-निळा गुंडाळा तेवढा दिसतो, पट्टे तीन की तेरा हे दुरून कळत नाही. कॉन्फेडरेट जनरल बोरिगार्डला डाव्या बाजूने एक तुकडी येताना दिसली आणि ती आपली की शत्रूची हे दुर्बिणीतूनही ठरवता येईना. तुकडी त्याचीच निघाली. पण लढाई संपल्यावर त्याने ठरवलं की रणांगणावर निराळा झेंडा हवा.

तो आराखडा आधीच तयार होता. साउथ कॅरोलायनाचा विल्यम पोर्चर माइल्स कॉन्फेडरेट संसदेच्या ध्वज समितीचा अध्यक्ष होता. त्याचा फुलीचा नमुना राष्ट्रध्वज म्हणून नाकारला गेला होता. त्याच्या मूळ कल्पनेत सरळ क्रॉस होता. त्यावर एका दाक्षिणात्य ज्यू गृहस्थाने हरकत घेतली, की एका धर्माचं चिन्ह सगळ्यांच्या झेंड्यावर नको. म्हणून क्रॉस तिरपा झाला. सैन्याने तो चौरस आकारात घेतला. पायदळाला ४८ इंच, तोफखान्याला ३६, घोडदळाला ३०. म्हणजे उत्तर व्हर्जिनियाच्या सैन्याचा, जनरल लीच्या फौजेचा, झेंडा चौरस होता. आज ट्रकच्या मागे दिसतो तो आयताकृती नमुना नौदलाच्या जहाजांवर आणि टेनेसीच्या सैन्यात होता. राष्ट्रध्वज म्हणून कधीच नाही.

पुढचे दोन राष्ट्रध्वज लवकर उरकतो. १ मे १८६३ चा दुसरा: पूर्ण पांढरा, कोपऱ्यात फुलीचा चौरस. वारा पडला की तो शरणागतीच्या पांढऱ्या निशाणासारखा दिसे. म्हणून ४ मार्च १८६५ ला टोकाला उभा लाल पट्टा जोडला. पुढच्याच महिन्यात लीने शरणागती पत्करली, त्यामुळे तो तिसरा फारसा कोणी पाहिलाच नाही.

प्राची_रॅली

सविस्तर प्रतिसादाबद्दल धन्यवाद ध्वजवेडा. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, इथला घोटाळा वेगळाच आहे. भारतातून आलेले पाहुणे आमचा झेंडा बघून हमखास 'टेक्ससचा झेंडा इथे कसा?' म्हणून विचारतात.

दोन्हीत काठीजवळ उभा निळा पट्टा, त्यावर पांढरा तारा, पुढे दोन आडवे पट्टे. फरक असा: टेक्ससमध्ये वर पांढरा, खाली लाल. आमच्याकडे वर लाल, खाली पांढरा. शिवाय आमच्या ताऱ्याच्या दोन बाजूंना एन आणि सी ही अक्षरं आणि वर-खाली पिवळ्या फितीवर दोन तारखा, २० मे १७७५ आणि १२ एप्रिल १७७६.

त्या तारखांकडे मुद्दाम लक्ष वेधते. दोन्ही ब्रिटिशांपासून स्वातंत्र्याशी जोडलेल्या आहेत. पण १८६१ मध्ये राज्य फुटलं तेव्हाच्या झेंड्यावर दुसरी तारीख २० मे १८६१ होती, म्हणजे फुटण्याचा दिवस. १८८५ मध्ये झेंडा पुन्हा ठरवला तेव्हा ती काढून १७७६ ची घातली, रंगही फिरवले. त्यामुळे आमचा झेंडा कॉन्फेडरेट काळातल्या झेंड्यावरून आलाय हे खरं, पण तो मजकूर त्यांनी स्वतः बदलला. मला हा फरक मोलाचा वाटतो.

लोनस्टारकर

टेक्ससचा झेंडा १८३९ चा आहे, टेक्सस स्वतंत्र देश होता तेव्हाचा. कॉन्फेडरेटशी त्याच्या जन्माचा काही संबंध नाही. इथला जास्त प्रचलित गोंधळ चिलीचा: मोबाइलवर टेक्ससचं चित्र नाही म्हणून लोक चिलीचा झेंडा टाकतात. चिलीचा निळा रंग फक्त वरच्या कोपऱ्यात असतो, आमचा खालपर्यंत जातो. २०१७ मध्ये याबद्दल इथल्या विधिमंडळात ठराव सुद्धा आला होता.

एक भर घालतो. टेक्ससवर आजवर सहा झेंडे फडकले असं इथे शाळेत शिकवतात: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सस प्रजासत्ताक, कॉन्फेडरेट आणि अमेरिका. डॅलसजवळ आर्लिंग्टनला त्याच नावाचं मनोरंजन उद्यान आहे. तिथे कॉन्फेडरेट म्हणून तीन पट्ट्यांचा पहिला राष्ट्रध्वज लावत असत, आणि बहुतेक पाहुण्यांना तो कॉन्फेडरेट आहे हे कळतही नसे. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारानंतर त्यांनी तो उतरवला आणि सहाही काठ्यांवर अमेरिकेचाच झेंडा लावला.

सुधाकर_काका

माहिती उत्तम. मी गेली अनेक वर्षं टेनेसीत आहे. माझे शेजारी सज्जन आहेत, अडीअडचणीला धावून येतात, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये तो फुलीचा झेंडा आहे. त्यांचे पणजोबा त्या युद्धात मेले. ते म्हणतात हा आमचा वारसा, द्वेष नाही. आपण बाहेरून आलेल्यांनी प्रत्येक झेंड्यावरून माणसाची परीक्षा करू नये असं मला मनापासून वाटतं.

मृण्मयी

सुधाकरकाका, तुमच्या शेजाऱ्यांच्या सज्जनपणाबद्दल मी काहीच बोलणार नाही, तुम्ही त्यांना ओळखता. झेंड्याबद्दल मात्र बोलते, कारण त्याचा अर्थ आपल्याला अंदाजाने लावायची गरज नाही. लावणाऱ्यांनीच लिहून ठेवलाय.

मिसिसिपी राज्य फुटलं तेव्हा त्यांनी कारणांचं जाहीर निवेदन काढलं. त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. कॉन्फेडरेट उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्सने मार्च १८६१ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरातल्या भाषणात नव्या सरकारची कोनशिला म्हणून वंशांमधली विषमता सांगितली. आणि ध्वजवेडा यांनी सांगितलेल्या त्या दुसऱ्या, पांढऱ्या राष्ट्रध्वजाचा हिरिरीने पुरस्कार करणारा सव्हानाचा संपादक विल्यम थॉम्प्सन १८६३ मध्ये उघड लिहीत होता की पांढरा रंग गोऱ्या माणसाच्या श्रेष्ठत्वाचं प्रतीक म्हणून योग्य. हे सगळं त्या काळातलं आहे, नंतर कोणी लादलेलं नाही.

दुसरी गोष्ट, युद्धानंतर हा झेंडा बराच काळ स्मृतिदिन, माजी सैनिकांचे मेळावे, थडगी एवढ्यापुरता होता. तुमच्या शेजाऱ्यांच्या पणजोबांचा संबंध तिथवरचा. तो राजकारणात ठळकपणे आला १९४८ मध्ये, स्ट्रॉम थर्मंड वंशभेदाच्या बाजूने अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा. मग काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्याचा १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि दोनच वर्षांत, १९५६ मध्ये, जॉर्जियाने आपल्या राज्याच्या झेंड्यात ही फुली घातली. साउथ कॅरोलायनाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विधानभवनाच्या घुमटावर तो चढवला. युद्ध संपून शंभर वर्षं होत आल्यावर.

म्हणून माझी कसोटी सालाची आहे. झेंड्यावर काय काढलंय हे बघा, पण तो कधी स्वीकारला हे त्याहून आधी बघा.

अटलांटावासी

म्हणजे १९५६ ते आजचा झेंडा यात मध्ये काय झालं? इथले जुने लोक दोन-तीन झेंड्यांच्या गोष्टी सांगतात.

ध्वजवेडा

१९५६ च्या झेंड्यात निळ्या पट्ट्यावर राज्याची मुद्रा आणि उरलेला दोन तृतीयांश भाग म्हणजे ती फुली. २००१ मध्ये गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी घाईने तो बदलला. नवा निळा, मध्ये मुद्रा, खाली फितीवर पाच छोटे छोटे झेंडे, त्यात १९५६ चाही. उत्तर अमेरिकेतल्या ध्वजअभ्यासकांच्या संघटनेने त्याच वर्षी अमेरिका-कॅनडातल्या ७२ झेंड्यांचा कौल घेतला, त्यात हा शेवटचा आला. (पहिला न्यू मेक्सिकोचा, पिवळ्यावर लाल सूर्य.) २००२ मध्ये बार्न्स निवडणूक हरले आणि झेंड्याचा राग हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं.

२००३ मध्ये तोडगा म्हणून आजचा झेंडा आला. २००४ मध्ये लोकांसमोर २००१ चा की २००३ चा एवढाच पर्याय ठेवला, १९५६ चा ठेवलाच नाही. २००३ चा मोठ्या फरकाने जिंकला. अधिकृत अर्थ असा की तेरा तारे हे मूळ तेरा वसाहतींचे. पण तो 'स्टार्स अँड बार्स'च्या शेजारी धरून बघा. कोपऱ्यातली सोनेरी कमान (राज्यघटनेचं चिन्ह, तीन खांबांवर उभी, शेजारी तलवार घेतलेला सैनिक) आणि खालची देवावर विश्वासाची ओळ काढली तर उरतो तो १८६१ चा राष्ट्रध्वज. माझं स्पष्ट मत: फुली सगळ्यांना ओळखू येते म्हणून गेली, पट्टे कोणाला ओळखू येत नाहीत म्हणून राहिले.

पण म्हणून आजच्या जॉर्जियात तो लावणारा प्रत्येक जण काही सांगू पाहतोय असं अजिबात नाही. तो राज्याचा झेंडा आहे, कोर्टावर आहे, ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात आहे. घर बघणाऱ्या मुलांनी त्यावरून शेजार ठरवू नये. फुलीचा वेगळा झेंडा मुद्दाम विकत घेऊन लावावा लागतो.

मृण्मयी

मिसिसिपीचं सांगितल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. १८९४ पासून त्यांच्या झेंड्याच्या कोपऱ्यात ही फुली होती. चारच वर्षं आधी, १८९० च्या राज्यघटनेने काळ्या नागरिकांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला होता. २००० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की १९०६ च्या कायदेसंहितेत झेंड्याचा कायदा पुन्हा घेतलेलाच नाही, म्हणजे इतकी वर्षं राज्याला अधिकृत झेंडाच नव्हता! २००१ मध्ये मतदान घेतलं तर सुमारे ६४ टक्के लोकांनी जुनाच ठेवला.

मग पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या हत्येनंतर जून २०२० मध्ये वातावरण पालटलं. विद्यापीठांचे खेळाडू, प्रशिक्षक, चर्चची मंडळी, व्यापारी, सगळे बोलू लागले. २८ जूनला दोन्ही सभागृहांत ९१ विरुद्ध २३ आणि ३७ विरुद्ध १४ मतांनी ठराव झाला, ३० जूनला गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांनी सही केली. नोव्हेंबरच्या मतदानात सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी नव्याला होकार दिला. मधोमध पांढरं मॅग्नोलियाचं फूल, भोवती वीस तारे (विसावं राज्य) आणि वर मूळ रहिवाशांसाठी एक सोनेरी तारा. २००१ मध्ये नाही म्हणणारं राज्य एकोणीस वर्षांनी हो म्हणालं, याचं मला फार मोल वाटतं.

साउथ कॅरोलायनात मात्र नऊ माणसांचे जीव गेल्यावर झेंडा उतरला. १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या काळ्या लोकांवर गोळीबार झाला. १० जुलैला विधानभवनाच्या आवारातून तो काढून संग्रहालयात ठेवला. त्या कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर निकी हेली पंजाबी शीख आईवडिलांच्या कन्या, हे आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. राज्याचा झेंडा वेगळा आहे: निळ्यावर पांढरं ताडासारखं झाड आणि चंद्रकोर. तो स्वीकारला जानेवारी १८६१ मध्ये, फुटल्यानंतर लगेच, पण त्यातली कोर १७७५ च्या स्वातंत्र्ययुद्धातली आहे. हा कोणालाच खुपत नाही.

बॉल्टिमोरची_मेधा

मेरीलँडचं नाव कोणीच घेतलं नाही! आमचा झेंडा बघून कोणाच्याही मनात कॉन्फेडरेट येत नाही, आणि मेरीलँड फुटलंही नव्हतं.

झेंड्याचे चार भाग. दोनांत काळे-सोनेरी तिरके चौकोन, ते कॅल्व्हर्ट घराण्याचे. दोनांत लाल-पांढरा क्रॉस, टोकांना तीन-तीन गोल पाकळ्या, तो क्रॉसलँड या मातुल घराण्याचा. युद्धात इथले जे तरुण दक्षिणेकडून लढायला गेले त्यांनी ओळख म्हणून हाच लाल-पांढरा क्रॉस घेतला, छातीवर पिना लावत. काळा-सोनेरी उत्तरेकडच्यांचा समजला जाई. युद्धानंतर दोन्ही एकाच कापडावर आले आणि १९०४ मध्ये कायदा झाला. इथे याचा अर्थ समेट असा लावतात आणि मलाही तो पटतो. मात्र कोणी नुसता लाल-पांढरा भाग वेगळा लावलेला दिसला तर त्याचा इतिहास माहीत असलेला बरा.

अटलांटावासी

मेधाताई, हे पूर्ण नवीन होतं. आता अलाबामा आणि फ्लोरिडा. दोन्हींवर लाल फुली आहे. त्या कॉन्फेडरेट की नाही?

ध्वजवेडा

अलाबामाचा १८९५ चा कायदा फक्त एवढंच म्हणतो: पांढऱ्यावर गडद लाल सेंट अँड्र्यूची फुली, पट्टे किमान सहा इंच रुंद. रणध्वजाचा उल्लेख नाही, आकारही सांगितलेला नाही. शेजारच्या मिसिसिपीने वर्षभर आधी फुली घेतली हे मात्र डोळ्याआड करता येत नाही.

फ्लोरिडाचा आधीचा झेंडा नुसता पांढरा, मध्ये मुद्रा. गव्हर्नर फ्रान्सिस फ्लेमिंग यांनी सुचवलं की वारा पडला की तो शरणागतीचा दिसतो, म्हणून लाल फुली घाला. १९०० मध्ये मतदारांनी ती मान्य केली. फ्लेमिंग स्वतः कॉन्फेडरेट सैन्यात होते. दुसरे लोक स्पॅनिश राजवटीकडे बोट दाखवतात: सेंट ऑगस्टिनच्या जुन्या दगडी किल्ल्यावर आजही स्पेनची बर्गंडी फुली फडकते, पांढऱ्यावर लाल, पण फांद्या छाटलेल्या ओबडधोबड लाकडासारखी. तिथे ती दिसली तर दचकू नका, ती तीन शतकं जुनी गोष्ट आहे.

मृण्मयी यांची सालाची कसोटी लावली तर दोन्ही संशयाच्या बाजूला पडतात. सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही.

प्राची_रॅली

उलट्या बाजूचंही एक सांगते. २०२० च्या उन्हाळ्यात मिशिगनमधल्या सेंट जॉन्स गावात एका छोट्या पाहुणघरावर नॉर्वेचा झेंडा होता, मालकांचं मूळ नॉर्वेचं म्हणून. लोकांनी तो कॉन्फेडरेट समजून इतकं बोलायला सुरुवात केली की त्यांनी तो उतरवला. लाल कापड, पांढऱ्या कडेचा निळा क्रॉस, एवढं साम्य पुरलं. पण नॉर्वेचा क्रॉस सरळ असतो आणि तारा एकही नाही.

आपल्याकडे राज्यांना स्वतःचे अधिकृत झेंडे नाहीत, त्यामुळे इथे आल्यावर आपली नजर तयार नसते. म्हणून मी मुलांना तीनच प्रश्न शिकवलेत: क्रॉस तिरपा आहे का, त्यावर तारे आहेत का, कापड लाल आहे का? तिन्हींना हो असेल तरच बोलायचं.

सुधाकर_काका

मृण्मयी, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. शेजाऱ्यांशी माझं नातं आहे तसंच राहील. पण ते पणजोबांबद्दल बोलतील तेव्हा या १९५६ बद्दल त्यांना काय वाटतं, हे मी विचारणार आहे. ते ऐकून घेतील.

आमच्या टेनेसीच्या झेंड्याबद्दल मात्र कोणी शंका घेऊ नये. १९०५ चा आहे, लाल, मध्ये निळं वर्तुळ आणि तीन तारे. ते राज्याच्या पूर्व, मध्य आणि पश्चिम या तीन भागांचे.

ध्वजवेडा

काका, टेनेसीबद्दल सहमत. तारे दाखवणाऱ्यांनी शेजारच्या आर्कन्सॉचा झेंडा जवळून बघावा. १९१३ चा, लाल कापडावर पांढरा हिरा, भोवती निळ्या कडेत पंचवीस तारे, कारण पंचविसावं राज्य. हिऱ्याच्या आत राज्याच्या नावाखाली तीन तारे: स्पेन, फ्रान्स, अमेरिका. नावाच्या वर एकटा चौथा. तो १९२३ मध्ये विधिमंडळाने घातला आणि तो कॉन्फेडरेट सरकारसाठी आहे असं कायद्यातच लिहिलंय. २०१९ मध्ये तारा तसाच ठेवून अर्थ तेवढा बदलावा, तो मूळ रहिवाशांच्या नावे करावा, असं विधेयक आलं होतं. ते समितीतच पडलं. अटलांटावासी, तुमच्या ग्रुपवर पुढचा फोटो टाकायचा असेल तर हा टाका: फुली नाही, पट्टे नाहीत, आणि कॉन्फेडरेट तारा कायद्याने आहे.